मांजराच्या पोटातले जंत: ओळखायचे कसे, घालवायचे कसे

मांजर पहिल्यांदाच घरी आणलं की लसीकरणाची चौकशी सगळे करतात. जंतांचा विषय मात्र शेपटीखाली काहीतरी पांढरं वळवळताना दिसलं की मगच निघतो. मग जंतांची एक गोळी आणली जाते, अंदाजाने तिचा तुकडा करून मांजराला चारला जातो, आणि महिन्याभरात तेच पांढरं पुन्हा दिसलं की गोळीच कुचकामी होती असा निकाल लागतो. बहुतेक वेळा दोष गोळीचा नसतो. एकतर ती त्या जंतावर चालणारी नसते, नाहीतर जंत जिथून आला ती वाट उघडीच राहिलेली असते. म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी बघा, मग ओळखा, तपासून घ्या, औषध द्या आणि शेवटी वाट बंद करा. यातली शेवटची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच गाळली जाते.

पायरी १: आधी नीट बघा

लिटर बॉक्स साफ करताना शी उचलून टाकण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघायची सवय लावून घ्या. किळस येते, मान्य; पण आतड्यात काय चाललंय हे घरबसल्या कळण्याचा याहून चांगला मार्ग नाही. चांगली शी तपकिरी, किंचित ओलसर पण आकार धरून राहणारी असते. आपल्या मांजराचं 'नेहमीचं' काय, हे आठवडाभर लक्ष ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि ते ठाऊक नसेल तर बिघडलेलंही लक्षात येत नाही.

शीखेरीज आणखी तीन ठिकाणी नजर टाका: शेपटीखालचे केस, मांजर झोपतं ती चादर किंवा गादी, आणि उलटी. लांब केसांच्या मांजराचे मागचे केस बोटांनी बाजूला करूनच बघावे लागतात, वरवर बघून काही दिसत नाही.

जे दिसेल ते जंतच असेल असं नाही. उन्हाळ्यात शी काही तास उघड्यावर पडली तर तिच्यात माशांच्या अळ्या होतात. त्या बाहेरून आलेल्या असतात, मांजराच्या पोटातून नव्हे. न पचलेल्या गवताची पातीही पहिल्या नजरेला फसवते. शेंबडासारखा चिकट पांढरा पट्टा दिसला तर तो बहुधा आतड्यातला आव असतो. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिने मांजराचा जीव जाऊ शकतो: मागून दोरा, लोकर किंवा रिबिन लोंबताना दिसली तर ती कधीही ओढू नका. तिचं दुसरं टोक आतड्यात किंवा थेट जिभेखाली अडकलेलं असू शकतं आणि ओढताना आतडं चिरतं. तसंच मांजर उचला आणि व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे जा.

खरोखर जंत दिसला तर तो टाकून देऊ नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, हलत असेल तर व्हिडिओ काढा. जमलं तर हातमोजा घालून किंवा चिमट्याने उचलून झाकणाच्या छोट्या बाटलीत थोड्या पाण्यात ठेवा. व्हेटला तोंडी वर्णनापेक्षा या बाटलीचा दसपट उपयोग होतो.

पायरी २: कोणता जंत आहे ते ओळखा

गोलजंत. पिल्लांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हाच. टॉक्सोकारा कॅटाय हे त्याचं शास्त्रीय नाव. रंग दुधाळ पांढरा किंवा फिकट पिवळट, अंग गोल आणि गुळगुळीत, दोन्ही टोकं निमुळती, लांबी साधारण ३ ते १० सेंटीमीटर. शीतून पडतो किंवा उलटीतून येतो, आणि उलटीत आलेला बऱ्याचदा जिवंत असतो, वेटोळं करून पडलेला. नवख्या माणसाची इथे घाबरगुंडी उडते, पण ओळखायला हा सगळ्यात सोपा जंत आहे.

पिल्लांना तो प्रामुख्याने आईच्या दुधातून मिळतो. आईच्या शरीरात सुप्त पडलेल्या अळ्या दुधात उतरतात. आई वरून ठणठणीत दिसत असली तरी हे घडतं. मोठ्या मांजराला तो मातीतल्या अंड्यांमधून किंवा उंदीर खाल्ल्याने होतो. मादी जंत रोज हजारो अंडी घालते. ताज्या शीतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. हवा, ओल आणि ऊब मिळाली की आतली अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. पुढे मात्र तीच अंडी मातीत महिनोन्‌महिने, अनुकूल जागी काही वर्षंही टिकतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. हा तपशील लक्षात ठेवा, साफसफाईच्या वेळी लागणार आहे.

चपटा जंत, म्हणजे टेपवर्म. हा अख्खा क्वचितच दिसतो. दिसतात त्याचे सुटे झालेले तुकडे. ताजा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा, चपटा, आणि बारकाईने पाहिलं तर लांब-आखूड होत सरकणारा. वाळला की पिवळसर, कडक आणि तिळाएवढा होतो. शेपटीखालच्या केसांना किंवा चादरीवर चिकटलेला सापडतो. असा दाणा दिसला तर प्रयोगशाळेच्या अहवालाची गरजच उरत नाही, निदान तिथेच झालं.

मांजरांत याचे मुख्य प्रकार दोन, आणि कोणता आहे यावर पुढचं सगळं ठरतं. डिपिलिडियम हा पिसवांमधून येतो. जंताची अंडी पिसूची अळी खाते, ती मोठी होऊन पिसू बनते, मांजर अंग चाटताना तीच पिसू गिळतं आणि पुढच्या सुमारे ३ आठवड्यांत नवे तुकडे पडायला लागतात. दुसरा टीनिया, त्याची अळी उंदराच्या यकृतात असते, आणि शिकारी मांजराला तो उंदराबरोबर मिळतो. म्हणजे दाणे दिसले की स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे. पिसवा आहेत का? मांजर उंदीर मारतं का? घराबाहेर कधीही न गेलेल्या मांजराला टेपवर्म झाला तर पिसू घरात आहे हे जवळपास नक्की समजा, तुम्हाला ती दिसली असो वा नसो.

अंकुशजंत, म्हणजे हुकवर्म. जेमतेम सेंटीमीटरभर लांब, दोऱ्यासारखा बारीक, आतड्याच्या आवरणाला दातांनी धरून रक्त पिणारा. तो शीत सहसा दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम: काळपट, डांबरासारखी चिकट शी, फिकट हिरड्या, मरगळ. उबदार ओलसर मातीत त्याच्या अळ्या वाढतात आणि तोंडावाटे तर शिरतातच, पण पंजांच्या कातडीतूनही आत जाऊ शकतात. लहान पिल्लाच्या अंगात रक्तच मुळी थोडं असतं, त्यामुळे या जंताने पिल्लू काही दिवसांत गंभीर होऊ शकतं. गोलजंतापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते, ती तो दिसत नाही म्हणूनच.

डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय परजीवी. यांना रूढ अर्थाने जंत म्हणता येणार नाही आणि जंतांच्या नेहमीच्या गोळ्या यांच्यावर चालत नाहीत. घोळ होतो तो इथेच. कॉक्सिडिया मुख्यत्वे पिल्लांना होतो आणि पातळ जुलाब होतात. मोठ्या मांजरात तो बऱ्याचदा काहीही न करता आपोआप जातो. जिआर्डियात शी मऊ, तेलकट आणि भयंकर वास मारणारी असते, आणि त्रास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. ट्रायट्रायकोमोनास हा तिसरा: खूप मांजरं एकत्र राहतात अशा ठिकाणची तरुण मांजरं, एरवी खेळकर, खाणारी, पण शी सतत पातळ, कधी आव आणि रक्त मिसळलेली. याला जिआर्डिया समजून महिनोन्‌महिने चुकीचं औषध दिलं गेल्याची उदाहरणं मांजर पाळणाऱ्यांच्या गप्पांत हमखास निघतात.

पायरी ३: लक्षणं, आणि कधी थांबायचं नाही

मोठ्या निरोगी मांजरात जंत असूनही कुठलंच लक्षण नसणं हे अगदी नेहमीचं आहे. म्हणून 'छान खातंय-खेळतंय, म्हणजे पोट साफ' हा निष्कर्ष काढू नका. जंत वाढले की वजन घटतं किंवा खाऊनही वाढत नाही, केसांची चमक जाते, मधूनमधून उलट्या-जुलाब होतात. पिल्लांत पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि बरगड्या व पाठीचा कणा मात्र हाताला लागणारा, ही जोडी दिसली तर आधी गोलजंताचाच संशय घ्यावा. ढुंगण जमिनीवर घासणं हे जंतांचं लक्षण म्हणून फार प्रसिद्ध आहे, पण गुदद्वाराशेजारच्या गुदग्रंथी भरल्या किंवा तिथे खाज असली तरी मांजर तेच करतं; एवढ्यावरून औषध देऊ नये.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका, त्याच दिवशी व्हेट गाठा. हिरड्या गुलाबी नसून पांढुरक्या आहेत. शी काळी डांबरासारखी आहे किंवा तिच्यात ताजं रक्त भरपूर आहे. उलट्या थांबत नाहीत. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. पोट कडक आहे आणि हात लावू देत नाही. किंवा लहान पिल्लू १२ तासांत काहीच खात नाही. मोठं मांजर दिवसभर उपाशी राहिलं तरी ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नव्हे. पिल्लाला तर तेवढाही अवधी नसतो.

पायरी ४: शीची तपासणी

नमुना ताजा हवा, जास्तीत जास्त त्याच दिवसाचा. चमचाभर पुरतो. घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत भरा, लिटरचे खडे शक्य तितके बाजूला काढा, डबीवर तारीख-वेळ लिहा. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको. अपवाद ट्रायट्रायकोमोनासचा: त्याची शंका असेल तर नमुना फ्रिजमध्येही ठेवायचा नाही, थंडीने तो जीव मरतो आणि अहवाल खोटाच 'काही नाही' असा येतो. त्यासाठी पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) किंवा खास कल्चर (नमुन्यातला परजीवी वाढवून बघणं) लागतं, आणि नमुना कसा घ्यायचा हे आधी फोनवर विचारून घेतलेलं बरं.

नेहमीच्या तपासणीत शी एका दाट द्रावणात मिसळून फिरवतात. हलकी अंडी वर तरंगतात आणि मायक्रोस्कोपखाली दिसतात. या पद्धतीच्या मर्यादा ठाऊक असू द्या. कोवळे जंत अजून अंडीच घालत नसतील तर अहवाल निगेटिव्ह येणारच. टेपवर्मची अंडी तुकड्यांच्या आत बंद असतात, म्हणून तोही सहज निसटतो. जिआर्डिया रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही; त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने किंवा त्याच्या अंशांचा शोध घेणारी वेगळी अँटिजेन चाचणी करावी लागते. थोडक्यात, पॉझिटिव्ह अहवालावर विश्वास ठेवा, एका निगेटिव्ह अहवालावर निर्धास्त होऊ नका. शेपटीखालचे दाणे दिसले असतील तर अहवाल काहीही म्हणो, व्हेटला त्याबद्दल सांगाच.

पायरी ५: वजन, मग औषध

औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि वजनाचा अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. पिल्लू असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून त्यात बसवा. पिल्लाचं वजन आठवड्याला बदलतं, तेव्हा मागच्या डोसच्या वेळचा आकडा वापरू नका.

आता कोणतं औषध कशावर, हे एकदा समजून घ्या, म्हणजे व्हेटने लिहिलेली चिठ्ठी डोळसपणे वाचता येईल. पायरँटेल हे गोलजंत आणि अंकुशजंतावर चालतं, सौम्य आहे, पिल्लांना अगदी लहान वयापासून देतात. टेपवर्मवर त्याचा काही उपयोग नाही. टेपवर्मसाठी प्राझिक्वांटेल, पिसूमधून येणारा असो वा उंदरातून, दोन्हींवर ते प्रभावी आहे. बाजारातल्या बऱ्याच 'मांजरांच्या जंतांच्या गोळ्या' म्हणजे या दोन औषधांचं मिश्रण. फेनबेंडाझोल सलग ३ ते ५ दिवस द्यावं लागतं. ते गोलजंत आणि अंकुशजंतांवर चालतं आणि जिआर्डियावरही वापरतात. मिल्बेमायसिन गोळीतून मिळतं. सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन, इमोडेप्साइड ही मानेवर टाकायच्या थेंबांमधली औषधं. सेलामेक्टिन पिसवाही मारतं, पण टेपवर्म मारत नाही; इमोडेप्साइडचे थेंब प्राझिक्वांटेलबरोबर मिळतात, त्यामुळे गोल आणि चपटे दोन्ही एका दमात जातात, मात्र ते ८ आठवड्यांखालच्या पिल्लांसाठी नाहीत. कॉक्सिडियासाठी सल्फा गटातली औषधं किंवा टोलट्राझुरिल. ट्रायट्रायकोमोनाससाठी रोनिडाझोल, त्याची मात्रा जरा जास्त झाली तर मांजराच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चालताना तोल जातो. ते व्हेटच्या देखरेखीशिवाय देण्याचा विचारही करू नये.

काय देऊ नये, ही यादी मला औषधांच्या यादीहून महत्त्वाची वाटते. कुत्र्यांसाठीचे पिसवा-गोचिडांचे थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजराला थरथर, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. कुत्र्याला ते लावलं असेल तर तो वाळेपर्यंत मांजर त्याच्यापासून दूर ठेवा. माणसांची अल्बेंडाझोलची गोळी तोडून देणं हा दुसरा लोकप्रिय उद्योग; मांजरात या औषधाने अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात. आणि लसूण. जंतांवर लसूण हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. लसूण आणि कांदा दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. अंकुशजंताने आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला लसूण चारणं म्हणजे आजारात जंतांची बाजू घेणं. भोपळ्याच्या बिया, हळद, एरंडेल यांनी मांजराचे जंत जातात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यात गेलेला आठवडा पिल्लाला महाग पडतो.

पिल्लाच्या पोटात जंत खच्चून भरलेले असतील तर ते एकदम मरून आतडं तुंबण्याचा धोका असतो. फुगलेल्या पोटाच्या अशक्त पिल्लाला घरच्या घरी पहिला डोस देऊ नका, ते व्हेटसमोरच होऊ द्या.

पायरी ६: गोळी पोटात घालणं

सगळ्यांना हाच भाग अवघड जातो. मांजर भुकेलं असताना ओल्या खाण्याच्या छोट्या गोळ्यात औषध लपवून बघा. आधी एक बिनऔषधाचा घास, मग औषधाचा, मग पुन्हा बिनऔषधाचा. गोळीचं चूर्ण करून अख्ख्या जेवणात मिसळू नका. प्राझिक्वांटेल कडू असतं, मांजर जेवण टाकतं आणि किती औषध पोटात गेलं हे कुणालाच कळत नाही. वरून त्या जेवणाचा तिटकारा बसतो तो वेगळाच.

नाहीच जमलं तर हाताने. मांजराला टेबलावर, तोंड तुमच्यापासून पलीकडे करून बसवा, म्हणजे मागे सरकलं तरी तुमच्याच अंगाला टेकेल. पंजे मारणारं असेल तर टॉवेलात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. डाव्या हाताने वरून डोकं धरा, अंगठा आणि मधलं बोट सुळ्यांच्या मागे गालाच्या हाडावर. डोकं किंचित वर करा, खालचा जबडा सैल पडतो. उजव्या हाताच्या बोटाने तो खाली करून गोळी जिभेच्या मागच्या भागावर, मधोमध टाका. तोंड मिटवा, गळ्यावरून हात फिरवा. नाक चाटलं म्हणजे गिळलं. मग सिरिंजने गालाच्या बाजूने ३ ते ५ मिलिलिटर पाणी हळूहळू द्या, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते. पाणी समोरून जोरात मारलं तर ते श्वासनलिकेत जाईल. घाई करू नका.

गोळी दाताखाली आली की तोंडाला फेस येतो, लाळ गळते. घाबरायला होतं, पण तो कडू चवीचा राग असतो आणि काही मिनिटांत थांबतो. डोस दिल्यावर तासाभरात उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी देऊ नका. उलटीत गोळी दिसली का ते पाहा आणि व्हेटला फोन करा.

थेंबांचं औषध असेल तर जागा महत्त्वाची. कवटी संपून मान सुरू होते तिथे, जिभेला पोहोचणार नाही अशा ठिकाणी, केस दोन्हीकडे करून कातडीवर टाका. केसांवर पडलेलं औषध वाया गेलं. घरात एकमेकांना चाटणारी मांजरं असतील तर वाळेपर्यंत वेगळी ठेवा, आणि पुढचे दोन दिवस अंघोळ नको.

पायरी ७: औषधानंतर काय दिसतं

गोलजंत असतील तर पुढच्या दिवसा-दोन दिवसांत शीत मेलेले किंवा अर्धमेले जंत पडतात. ते औषध लागू पडल्याचं चिन्ह. टेपवर्म मात्र आतड्यातच विरघळून पचून जातो, त्यामुळे काहीच दिसत नाही. 'काही पडलं नाही, औषध फुकट गेलं' असं समजून पुन्हा डोस देऊ नका. शी दोनेक दिवस मऊ राहू शकते.

गोलजंतावरचा दुसरा डोस साधारण २ ते ३ आठवड्यांनी असतो आणि तो चुकवायचा नाही. पहिल्या डोसने आतड्यातले मोठे जंत मरतात. पण अंड्यांमधून आलेल्या अळ्या आधी यकृत आणि फुप्फुसांतून प्रवास करतात, खोकल्यासरशी घशात येतात आणि गिळल्या गेल्यावर आतड्यात मुक्कामाला पोहोचतात. वाटेत असलेल्या या अळ्यांपर्यंत पहिलं औषध पुरेसं पोहोचलेलं नसतं. दुसरा डोस त्यांच्यासाठी. त्यानंतर २ ते ४ आठवड्यांनी शी पुन्हा तपासून घेतली की खरा निकाल कळतो.

पायरी ८: वाट बंद करा

प्राझिक्वांटेल एखाद्या दिवसात शरीरातून निघून जातं. परवा मांजराने नवी पिसू गिळली तर टेपवर्मचं चक्र परवापासूनच पुन्हा सुरू. म्हणून टेपवर्मच्या उपचारात पिसवांचा बंदोबस्त हाच मोठा भाग आहे, गोळी लहान.

पिसवा शोधायला बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा. काळे बारीक कण निघाले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका; भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण फौजेचा जेमतेम विसावा भाग. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश गादीत, सतरंजीत, फटींमध्ये असतात. कोशातली पिसू काही महिने तशीच थांबू शकते आणि तिथे फवारेही नीट पोहोचत नाहीत. यावर उपाय चिकाटीचा आहे: घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्याला ज्याच्या-त्याच्यासाठी असलेलं पिसवांचं औषध निदान सलग ३ महिने, मांजराची अंथरुणं दर आठवड्याला ६० अंश पाण्यात, आणि फटी-कोपऱ्यांसकट व्हॅक्यूम. पहिल्या महिन्यात पिसवा वाढल्यासारख्या वाटतील. कोशातून नव्या बाहेर पडत असतात, औषध थांबवू नका.

लिटर बॉक्समधली शी रोज काढा. गोलजंताच्या अंड्यांना तयार व्हायला आठवडे लागतात, तेव्हा रोजच्या सफाईने त्यांची साखळी घरातच तुटते. आठवड्यातून एकदा बॉक्स पूर्ण रिकामा करून साबणाने घासा आणि वर उकळतं पाणी ओता. अंड्यांवर उष्णता चालते, ब्लीच नव्हे. फिनाईल वापरू नका. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात आणि मांजर पंजे चाटतं. जिआर्डिया असेल तर औषधाच्या काळात मांजराचे मागचे केस धुऊन कोरडे करावेत, नाहीतर चाटताना तोच परजीवी पुन्हा पोटात जातो.

शिकारी मांजराचं काय करायचं? त्याला घरात ठेवता आलं तर उत्तम. नाहीतर शिकार चालू राहणार हे गृहीत धरून औषधाचं वेळापत्रक घट्ट करायचं. कच्चं मांस देत असाल तर तेही थांबवा.

पायरी ९: वेळापत्रक

ईएससीसीएपी ही युरोपातली परजीवीतज्ज्ञांची संस्था पिल्लांना ३ आठवड्यांच्या वयापासून, दर २ आठवड्यांनी, दूध सुटल्यानंतर २ आठवडे होईपर्यंत गोलजंताचं औषध द्यायला सांगते. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. पिल्लांच्या पहिल्या डोसबरोबर दूध पाजणाऱ्या आईलाही औषध द्यायचं, ही गोष्ट हटकून विसरली जाते. मोठ्या मांजरांत, पूर्ण घरात राहणाऱ्याला वर्षातून १ ते २ वेळा औषध किंवा तपासणी पुरते. बाहेर फिरणाऱ्याला निदान ४ वेळा, आणि उंदीर मारणाऱ्याला व्हेटशी बोलून दर महिन्याला. नवं मांजर घरी आलं तर शीचा अहवाल येईपर्यंत त्याचा लिटर बॉक्स वेगळा ठेवा. तारीख, वजन, औषधाचं नाव आणि मात्रा लसीकरणाच्या पुस्तिकेतच लिहून ठेवा. पुढच्या व्हेटला 'ती पिवळी गोळी' यावरून काही कळत नाही.

घरातल्या माणसांसाठी

गोलजंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यातही फिरतात. धोका ताज्या शीपेक्षा जुन्या मातीचा असतो. म्हणून मुलं खेळतात ती वाळू वापर नसताना झाकून ठेवा, मातीत खेळल्यावर हात धुवायला लावा, बागेतल्या भाज्या धुऊन खा. टेपवर्मचा डिपिलिडियम हा प्रकार मुलाला होतो तो पिसू गिळली गेली तरच. मांजराला हात लावून होत नाही. अंकुशजंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून खाजरी, वळणावळणाची लाल रेघ उमटवतात.

गरोदर बाई घरात असेल की मांजर सोडून द्या असा सल्ला येतो, आणि तो टॉक्सोप्लाझ्माच्या, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या एकपेशीय परजीवीच्या भीतीपोटी असतो. मांजर हा परजीवी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर १ ते ३ आठवडे बाहेर टाकतं, आणि शीत पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. त्यामुळे शी रोज उचलली, तीही घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, तर मांजर सोडायचं कारण उरत नाही. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. अर्धकच्चं मांस आणि बागकामाची माती याच परजीवीचे तितकेच महत्त्वाचे मार्ग आहेत, त्यांची काळजी मांजर नसलेल्या घरातही घ्यावी लागते. घरात कुणाला कारण न सापडणारा ताप किंवा डोळ्याची तक्रार झाली, किंवा पायावर तशी रेघ दिसली, तर डॉक्टरांना घरात मांजर आहे आणि त्याला शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, हे न विचारताच सांगा.